गाऱ्हाण्यात रॅम्प राहून गेला

सुमनताईंच्या व्हीलचेअरच्या उजव्या हाताला सायकलची घंटी बसवलेली होती. सायकल दुरुस्तीच्या दुकानात स्वतः जाऊन त्यांनी ती बसवून घेतली होती. "जरा सरकता का, असं तोंडाने म्हटलं की माणसं आधी माझ्या पायांकडे बघतात आणि मग ठरवतात सरकायचं की नाही," त्या म्हणायच्या. "घंटी कुणाला पाय दाखवत बसत नाही."

मी लांजा तालुक्यातल्या एका आतल्या गावातली. आई भात-नाचणी करायची, वडील मुंबईला गोदामात कामाला. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. रत्नागिरीत वसतिगृहाच्या एका खोलीत आम्ही सहाजणी राहायचो, तिथे अभ्यास होणं शक्य नव्हतं. म्हणून मी शहरातल्या एका जुन्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत जायला लागले. कौलारू छप्पर, चिऱ्याच्या जाड भिंती, आवारात फणसाचं मोठं झाड. आत गेलं की सगळं एका पातळीवर, पण जोतं उंच असल्यामुळे दाराशी तीन पायऱ्या होत्या. चांगल्या दीड-दीड वीत उंच. मी त्या पायऱ्या दिवसातून दहा वेळा चढायचे-उतरायचे आणि त्या किती आहेत हे मला वर्षभर माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा पायऱ्यांपाशी एक बाई व्हीलचेअरमध्ये बसलेल्या होत्या. चाळिशीच्या असतील. गळ्याभोवती ओला रुमाल, मांडीवर चामड्याची पर्स आणि वर उघडलेली छत्री. मी धावत गेले. "काकू, कुणाला बोलावू का उचलायला?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग छत्री मिटली, उठल्या, खुर्चीची घडी घालून ती भिंतीला टेकवली आणि कठड्याला धरून तीन पायऱ्या चढून आत गेल्या.

आत जाऊन शेजारच्या मुलीच्या कानात म्हटलं, "अगं, त्या बाई चालतात!"

माझं कुजबुजणं अख्ख्या वाचनालयाला ऐकू गेलं असावं. समोरच्या टेबलावरून आवाज आला, "चालते. आणि मी काकू नाही, ताई. ये, नाव लिही, सभासदत्वाचा अर्ज भर."

ग्रंथपाल त्याच होत्या.

त्यांचा आजार बाहेरून दिसत नसे. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही, आणि स्नायू जितके वापरावेत तितके ते लवकर हात टेकतात, असं काहीसं होतं. सकाळी त्या तुमच्या-आमच्यासारख्या चालायच्या. दुपारी पाय लटपटायला लागायचे. संध्याकाळी डावी पापणी खाली यायची, मग सभासद म्हणायचे, "काय ताई, झोप आली वाटतं?" उन्हाळ्यात आजार वाढायचा, थंडीत जरा उतरायचा. काही दिवस खुर्चीला हात लावावा लागायचा नाही, काही दिवस खुर्चीशिवाय अंथरुणातून दारापर्यंत जाता यायचं नाही. आणि उद्या यातला कुठला दिवस उगवणार आहे हे त्यांनाही ठाऊक नसायचं.

"जुना फोन बघितलास?" त्यांनी मला एकदा समजावलं होतं. "बॅटरी सत्तर टक्के दाखवतो आणि एक फोन लावला की धाडकन बंद. लोक म्हणतात, आत्ता तर चालू होता! मी तो फोन आहे."

दुपारी त्या डब्यात पेज आणायच्या. पेज आणि सोबत मऊ भाजी. मला वाटायचं, परिस्थिती बेताची असेल. नंतर कळलं की चावल्यानेसुद्धा त्यांचा जबडा दमतो. "भाकरी खाल्ली तर दुपारी बोलता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि मला बोलायला आवडतं. म्हणून पेज."

बोलायला त्यांना खरंच आवडायचं. माझ्या स्पर्धा परीक्षेचा अर्ज त्यांनी तीनदा तपासला आणि तीनदा परत लिहायला लावला. पंख्याखालची खुर्ची त्या माझ्यासाठी राखून ठेवायच्या, आणि कुणी हरकत घेतली तर म्हणायच्या, "ती सहाजणींच्या खोलीतून येते, तुम्ही तुमच्या बंगल्यातून." पण त्यांना कुणी गरीब गाय समजू नये. एकदा एका बाईंनी गालाला हात लावून "बिच्चारी" म्हटलं, तर सुमनताईंनी तारखेचा शिक्का इतक्या जोराने आपटला की शाई त्या बाईंच्या ओढणीवर उडाली. माफीही मागितली नाही.

बरे दिवस आणि वाईट दिवस यांच्यामध्ये त्या जगायच्या, आणि लोकांना दोन्ही दिवसांचा राग यायचा. बऱ्या दिवशी त्या एसटीने यायच्या. एकदा मी सोबत होते. अपंगांसाठी राखीव सीटवर त्या बसल्या तर एका आजोबांनी काठी आपटली. "धडधाकट बाई, लाज नाही वाटत?" ताईंनी अपंगत्वाचं कार्ड दाखवलं. आजोबांनी कार्ड नाही, पायच पाहिले. ताई उठल्या आणि दांड्याला धरून उभ्या राहिल्या. वाचनालयाच्या थांब्यावर उतरल्या तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. त्या दिवशी पुढचं सगळं काम त्यांनी बसूनच केलं, आणि दुपारी एका सभासदाने विचारलं, "सकाळी तर बसमध्ये उभ्या होता की!"

ते कार्ड मिळवतानाही असंच झालं होतं. प्रमाणपत्रासाठी तपासणीला गेल्या तो नेमका बरा दिवस होता. तपासणाऱ्याने सांगितलं, "तुम्हाला तर काही दिसत नाही. त्रास होईल त्या दिवशी या."

"त्रास होईल त्या दिवशी येऊ कशी?" ताईंनी विचारलं.

या प्रश्नावर त्याने म्हणे पेन खाली ठेवून विचार केला आणि पुढची तारीख दिली. कार्ड मिळायला चार खेपा लागल्या.

पण या सगळ्यापेक्षा त्यांचा जीव अडकला होता त्या तीन पायऱ्यांमध्ये. "तीन चढायला आणि तीन उतरायला मी दिवसाची निम्मी ताकद देते," त्या म्हणायच्या. "ती मला पुस्तकांना द्यायचीय." वाईट दिवशी तर वर जाताच यायचं नाही. तिथे पायऱ्यांच्या बाजूने एक उतरण बांधा, रॅम्प, एवढंच त्यांचं मागणं होतं. दोन वर्षं त्या दर महिन्याला समितीला अर्ज द्यायच्या, सुवाच्य अक्षरात, प्रत स्वतःकडे ठेवून.

वाचनालयाचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. ते मनाने वाईट नव्हते, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण त्यामुळेच सगळं जास्त अवघड झालं. ते म्हणायचे, "अहो सुमनताई, रॅम्प कशाला? तुम्ही घरच्याच. नसेल चढवत त्या दिवशी दत्ताराम आहे, रिक्षावाले आहेत, खुर्चीसकट उचलून आणू तुम्हाला."

"भाऊ, मी काय गणपती आहे, चौघांनी उचलून आणायला?" ताई म्हणायच्या. "आणि गणपतीसुद्धा वर्षातून एकदाच येतो. मला रोज यायचंय."

भाऊ हसायचे. अर्ज फाइलला लागायचा.

दत्ताराम म्हणजे वाचनालयाचे शिपाई. आम्ही त्यांना दत्तामामा म्हणायचो. संगमेश्वराकडचे, साठीला आलेले. ताईंवर त्यांचा जीव होता. बऱ्या दिवशी ताई रिकामी खुर्ची ढकलत यायच्या, तिच्यात परत आलेली पुस्तकं, पाण्याची बाटली, भाजीची पिशवी. मामा फाटकापाशी ओरडायचे, "आज खुर्चीला फिरायला काडलाव वाटतं ताई!" आणि वाईट दिवशी काही न बोलता समोर येऊन उभे राहायचे. ताई त्यांच्या खांद्याला धरून एकेक पायरी चढायच्या. मधल्या पायरीवर थांबायच्या. तिथे थांबलं की मामा मुद्दाम कौलांकडे बघत राहायचे, जणू कौलं मोजायचंच काम आहे.

शेवटी एका दसऱ्याच्या आसपास समितीने रॅम्प मंजूर केला. चिरे येऊन पडले. लाल, ताजे कापलेले, फणसाखाली रास. गवंडी दिवाळीनंतर येणार होता. सुमनताई त्या आठवड्यात रोज त्या राशीशी थांबायच्या. एकदा मला म्हणाल्या, "बघ, किती सुंदर रंग आहे चिऱ्याचा." मी म्हटलं, "आमच्या घराला पण हेच आहेत." त्या म्हणाल्या, "तुमच्या घराला आहेत. हे माझे आहेत."

आमच्याकडे देवदिवाळीला जागेवाल्याला नारळ देतात. जागेवाला म्हणजे त्या जागेची राखण करणारा देव. वाचनालयाचा जागेवाला फणसाच्या बुंध्याशी, शेंदूर लावलेल्या दगडात होता. दरवर्षी दत्तामामा गाऱ्हाणं घालायचे, म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने मागणं मांडायचे, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा. तो होकार सगळ्यांनी द्यावाच लागतो. गप्प राहिलं तर देवाला वाटतं याला नको आहे.

ताईंच्या घरात देव्हारा नव्हता. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, वडील शाळामास्तर होते. पण वाचनालयाचं सगळं ते आपलं म्हणून त्या दरवर्षी त्या कार्यक्रमाला यायच्या आणि बाजूला हात बांधून उभ्या राहायच्या. त्या वर्षी त्या खुर्चीत होत्या.

"बा देवा जागेवाल्या म्हाराजा!" मामांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"ही तुजी लेकरा तुज्या पायाशी जमलीत. नारल ठेवलाय, तो गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पुस्तकांची राखण कर, वालवी लागू देव नको!"

"व्हय म्हाराजा!"

मग मामांचा आवाज बदलला. "आनि ही आमची सुमनताई. गुनाचा लेकरू हाय. हिच्या पायात बल दे. हिची खुर्ची सुटू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मला अगदी भरून आलं होतं. ताईंकडे पाहिलं तर त्या ओठ मिटून हसत होत्या आणि मान किंचित हलवत होत्या. मला वाटलं, त्यांनाही भरून आलंय.

दुसऱ्या दिवशी ताई चालत आल्या.

तिसऱ्या दिवशीही. थंडी पडली होती, औषधाचा नवा डोस लागू पडत होता. असं थंडीत दरवर्षी व्हायचं, त्यांनी मला आधीच सांगितलेलं होतं. पण दत्तामामांनी त्यांना पायऱ्या चढताना पाहिलं आणि पायरीवरच हात जोडले. भाऊंनी पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. चौथ्या दिवशी सभासद त्यांना बघायला म्हणून येऊ लागले. पुस्तक बदलायला आलेल्या एका आजींनी त्यांच्या पायाला हात लावला.

"आजी, अहो, हे थंडीचं आहे," ताई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात बघा, परत बसेन."

"असं अभद्र बोलू नये," आजी म्हणाल्या.

मी त्या दिवसांत काय केलं? मी आईला फोन करून सांगितलं. आईने गावात सांगितलं.

ताईंची सुट्टी रविवारी असायची. सोमवारी सकाळी त्या आल्या तेव्हा मी फाटकाशीच होते. त्या खुर्चीत होत्या. डावी पापणी सकाळपासूनच उतरलेली होती. फाटकातून आत आल्या आणि त्यांनी चाकं थांबवली.

फणसाच्या बुंध्याभोवती नवा चौथरा बांधलेला होता. चिऱ्याचा, चौकोनी, सिमेंटच्या रेषा अजून ओल्या. वर जागेवाल्याच्या दगडाला नवा शेंदूर, पुढे फुलं. चिऱ्यांची रास जिथे होती तिथे नुसती लाल माती.

दत्तामामा हसत पुढे आले आणि खुर्ची बघून त्यांचं हसू तिथेच राहिलं.

"ताई, खुर्ची कशाला आनलाव?"

"हे काय आहे, मामा?"

"देवाचा चौथरा. तुमच्याच नावान बांदला. देवान ऐकलान ना. समितीन ठरवला, काल गवंडी आला व्हता... आता तुमाना रॅम्प कशाला, म्हनून..."

सुमनताईंनी त्या चौथऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, त्या ओरडतील. मला वाटलं, रडतील. त्यांनी फक्त गळ्यातला ओला रुमाल सोडला, तोंड पुसलं आणि परत बांधला.

"मामा," त्या म्हणाल्या, "तुमचा देव चांगला आहे हो. पण तुम्ही मागताना चुकलात. पाय मागितलेत. रॅम्प मागायचा होता."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू तर केवढ्याने ओरडलीस."

त्या त्यानंतर कधी तो विषय माझ्याशी बोलल्या नाहीत. पण ते एक वाक्य मला पुरलं.

महिनाअखेरीस त्यांच्या नव्या अर्जाला उत्तर आलं. ताईंनी ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं, अगदी बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात: "आपल्या प्रकृतीत सुधारणा झाल्याचे समितीच्या सदस्यांनी व सभासदांनी प्रत्यक्ष पाहिले आहे, सबब रॅम्पचा विषय तूर्त बंद करण्यात येत आहे." वाचून झाल्यावर त्यांनी घडी घातली, फाइलला लावली आणि म्हणाल्या, "सबब. काय शब्द आहे."

लोकांचं वागणं बदललं ते त्यानंतर. आधी त्यांना वाटायचं बाई आजारी आहे की नाही कळत नाही. आता त्यांना वाटायला लागलं की देवाने दिलेलं ही बाई परत करतेय. "आठ दिवस टुणटुणीत चालत होती," मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. "मग पुन्हा बसली. कुणाला काय वाटेल याचा तरी विचार?" भाऊसुद्धा दुखावले होते. त्यांनी हौसेने बांधलेल्या चौथऱ्याचा तो अपमान होता, आणि तो अपमान रोज चाकांवर बसून फाटकातून आत यायचा.

मग ताईंनी एक केलं. वाईट दिवशी त्या वर जायच्याच नाहीत. चौथऱ्याच्या कडेला खुर्ची लावायच्या, चौथऱ्यावर देवापासून हातभर अंतर सोडून रजिस्टर, शिक्का, शाईची डबी मांडायच्या आणि तिथून पुस्तकं द्यायच्या. "जागेवाल्याने जागा दिली," त्या म्हणायच्या, "समितीने नाही दिली तरी." आम्ही मुली आतून पुस्तकं आणून द्यायचो. गंमत म्हणजे दोन-तीन म्हातारी माणसं, जी गुडघ्यांमुळे वर्षानुवर्षं वाचनालयात आली नव्हती, ती फाटकातून आत येऊन तिथल्या तिथे पुस्तक बदलून जायला लागली. त्यांच्यातला एकही म्हणाला नाही की रॅम्प हवा. मला याचा अजूनही राग येतो.

अडचण हजेरीची झाली. हजेरीचं मस्टर आत भाऊंच्या टेबलावर असायचं. सही तिथे जाऊनच करायची. सुमनताई सकाळी आठ ते संध्याकाळी सहा फणसाखाली काम करायच्या आणि मस्टरवर त्या दिवशी लाल शाईने 'गैरहजर' लागायचं.

"मस्टर खाली पाठवा," त्यांनी निरोप दिला.

"मस्टर कार्यालयाबाहेर नेता येत नाही, नियम आहे," भाऊंचा निरोप आला.

"मी कार्यालयातच आहे, आवार कार्यालयाचंच आहे."

"आवार वेगळं, कार्यालय वेगळं."

हे निरोप दत्तामामा न्यायचे-आणायचे. तीन पायऱ्या वर, तीन पायऱ्या खाली. एक दिवस ते खाली आले ते वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन. गठ्ठा चौथऱ्यावर ठेवला, वरचे दोन अंक बाजूला केले, आणि खाली मस्टर. "लवकर करा सही," ते म्हणाले आणि कौलांकडे बघत उभे राहिले.

ताईंनी सही केली. त्या दिवसापासून गाऱ्हाण्याबद्दल त्यांनी मामांना एकदाही टोचलं नाही.

पण वर्तमानपत्रं किती दिवस पुरणार? पावसाळा आला, फणसाखाली पुस्तकं ठेवणं शक्य राहिलं नाही. ज्या दिवशी चढता आलं त्या दिवशी ताई चढल्या, ज्या दिवशी नाही त्या दिवशी घरी राहिल्या. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची. गणपतीनंतर झाली नाही. कारण दिलं होतं, नियमित हजेरी नसणे. त्या पत्रातही 'सबब' होतं.

मला तोवर दापोली तालुक्यात, केळशीजवळ, नोकरी लागली होती. ज्या परीक्षेचा अर्ज ताईंनी तीनदा लिहायला लावला, तीच परीक्षा. पहिल्या सुट्टीत मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला भावाच्या घरी त्या राहायला गेल्या होत्या. तो बरा दिवस होता, त्यांनी स्वतः चहा केला. पेढा खाल्ला, माझ्या पाठीवर हात ठेवला. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "ते राहू दे. देवदिवाळीला येणार आहेस?"

"कशाला?"

"सभासद आहेस अजून. जा. दत्तामामांना सांग, ह्या वेळी नीट मागा."

"काय मागू ताई?"

"काय मागू काय? रॅम्प. पायांचं माझं मी बघते."

मी रजा काढून गेले. मामांना आधीच बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी फक्त टोपी नीट केली. भाऊ होते, समिती होती, शेजारपाजारचे होते. जागेवाल्यापुढे नारळ ठेवला. वाळवीचं झालं, पुस्तकांचं झालं. आणि मग मामा म्हणाले, "आनि म्हाराजा, आमचा गेल्या वर्सी मागताना चुकला. ह्या दारात रॅम्प होऊ दे. ज्यांना पायऱ्या चडवत नाय त्यांना आत येऊ दे. ज्यांच्या हातात हाय त्यांना बुद्दी दे म्हाराजा!"

सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं. गाऱ्हाण्यात नाही म्हणता येत नाही, आणि गप्पही राहता येत नाही. भाऊंचे ओठ हलले.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले. अगदी हळू. पण म्हणाले.

मार्चअखेर रॅम्प झाला. मामांनी मला फोन केला. तोवर सुमनताईंच्या टेबलावर एक नवी मुलगी बसत होती. चांगली होती. दोन पायऱ्या एका ढांगेत चढायची.

मी ताईंना शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या एप्रिलमध्ये. कामासाठी रत्नागिरीला आले होते आणि वाचनालयासमोरच्या दुकानात थंड पाणी घ्यायला थांबले होते. तेवढ्यात घंटी ऐकू आली. ताई फाटकातून आत जात होत्या. चालत. रिकामी खुर्ची पुढे ढकलत, आणि खुर्चीत त्यांच्याकडे राहिलेली वाचनालयाची पुस्तकं, दोरीने बांधलेली. आता त्या फक्त सभासद होत्या.

चौथऱ्याशी त्या थांबल्या नाहीत. रॅम्पच्या पायथ्याशी कुणीतरी स्कूटर आडवी लावलेली होती. त्यांनी घंटी वाजवली. परत वाजवली. दत्तामामा धावत आले, स्कूटर ओढून बाजूला केली. मग ताई खुर्ची ढकलत रॅम्प चढल्या. सावकाश, मध्ये एकदा थांबून. मामा कौलांकडे बघत राहिले.

"चालता येतंय की बाईंना," दुकानदार मला म्हणाला. "आणि एवढा रॅम्प करायला लावला."

मी काही बोलणार होते. ते सगळं सांगायला संध्याकाळ झाली असती.

दहा-पंधरा मिनिटांनी ताई दारात आल्या. पुस्तकं आत गेली होती. एप्रिलचं ऊन, ती चढण, आतल्या गप्पा. त्यांचे पाय संपले होते, मला दुकानातूनच दिसत होतं. दाराशीच त्या खुर्चीत बसल्या, रुमाल नीट केला, दोन्ही हात चाकांवर ठेवले आणि एकट्या, कुणाच्या खांद्याला न धरता, रॅम्पवरून खाली आल्या.

"बघा," दुकानदार म्हणाला, "वर चालत, खाली बसून."

"हो," मी म्हटलं. "असंच असतं."

फाटकापाशी दोन माणसं रस्ता अडवून बोलत उभी होती. ताईंनी घंटी वाजवली. ती बाजूला झाली, आणि मग त्यांनी ताईंच्या पायांकडे पाहिलं.